आठही दिवे एकदम लागले

ती पोस्टिंग नव्हती. पुराच्या मदतीची टेम्पररी ड्यूटी होती. हुकूम सकाळी आठला आला आणि साडेनऊला आमचा कॉलम, म्हणजे तुकडी, निघाला. मी तेव्हा सिग्नल्सचा हवालदार होतो, नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. राजस्थानात, सिक्कीममध्ये, काश्मिरात मी लाईन टाकल्या होत्या. आपल्या जिल्ह्यात वर्दी घालून कामाला मात्र कधी आलो नव्हतो. मी मुरगूडचा. कॉलम कोल्हापूर जिल्ह्यात चाललाय हे कळल्यावरही मी घरी फोन केला नाही. आई म्हणाली असती, दोन घास खाऊन जा.

आता मी निवृत्त आहे. शाहूपुरीत एका दुकानावरच्या खोलीत नेटवर्किंगचं आणि कॅमेरे जोडायचं काम शिकवतो. शिकायला येणारे बहुतेक नोकरी करणारे लोक असतात. केबल टेस्टर हातात घ्यायच्या आधी मी प्रत्येक वेळी मीटर लावायला लावतो, त्याचा त्यांना कंटाळा येतो. सर, आत्ताच तर लावला, असं म्हणतात. ही हकिकत त्यांच्यासाठी लिहितो आहे. यातलं काही मी फार उशिरा कबूल केलं. तेही लिहीन.

आमचं ठिकाण नृसिंहवाडीच्या पुढचं एक गाव होतं. नाव लिहीत नाही. दुपारी दोन वीसला आम्ही बोटीतून गावात शिरलो. गावात कोरडी अशी एकच इमारत होती, ती म्हणजे उंचवट्यावरची शाळा. तिच्या वरच्या मजल्यावर कॉलमचं हेडक्वार्टर झालं. गच्चीवर आम्ही सॅटेलाईटची छत्री उभी केली, कारण मोबाईलचे टॉवर दोन दिवस बंद होते. शाळेपासून सत्तर मीटरवर दूध संस्थेची दुमजली इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावर महसूल खात्याचे लोक बसले होते. कुठल्या घरात किती माणसं अडकलीत, कुणाला औषध पाहिजे, याच्या याद्या त्यांच्याकडे होत्या. बोटी आमच्याकडे होत्या. मधल्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. या दोन इमारती एका केबलनं जोडायच्या, हे माझं काम होतं.

माझ्या हाताखाली एकच माणूस होता, सिग्नलमन मल्लिकार्जुन. सगळे त्याला मल्लू म्हणायचे. वय चोवीस. गाव गडहिंग्लजच्या पुढं, सीमेच्या अगदी कडेला. घरचं किराणा दुकान होतं आणि थोडी शेती. घरी फोनवर कानडी बोलायचा, माझ्याशी मराठी. वायरलेस सेटवर हिंदी बोलायचा हुकूम असतो, पण आमच्या दोघांचं चॅनेल वेगळं होतं, म्हणून तिथं आमची मराठी चालायची. हात सावकाश चालायचा त्याचा, पण केलेलं काम परत बघावं लागत नसे. केबलच्या दोन्ही टोकांना तो चिठ्ठी लावायचा, एका टोकाला विसरला असं कधी झालं नाही.

विजेच्या खांबावरून आपली केबल न्यायची नाही, हा नियम आहे. त्या गल्लीत दुसरं काही उभं नव्हतं. वीज कंपनीचा वायरमन बोटीतून आला. सगळ्या गावाची लाईट बंद आहे, ट्रान्सफॉर्मरवरून तोडली आहे, असं त्यानं मला कागदावर लिहून दिलं. त्यात त्याची काही चूक नव्हती. तरी मल्लूनं खांबावरच्या प्रत्येक तारेला मीटर लावला. शून्य. मग आम्ही दोन खांबांवरून केबल ओढली आणि संध्याकाळी सहा दहाला लिंक चालू झाली. दूध संस्थेच्या बाजूला केबल बाहेरच्या भिंतीवरच्या एका डबीत उतरत होती. ती डबी माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर होती.

टेस्टर काय करतो ते इथं सांगतो. त्याचे दोन भाग असतात. मोठा भाग केबलच्या एका टोकाला लावायचा, छोटा दुसऱ्या. केबलमध्ये आठ तारा असतात. टेस्टर एकेका तारेतून थोडासा करंट पाठवतो आणि दोन्ही भागांवर एक ते आठ दिवे क्रमानं लागत जातात. एखादा नंबर छोट्या भागावर लागला नाही तर ती तार तुटलेली. दोन दिवे जोडीनं लागले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. क्रम चुकला तर जोडणी उलटसुलट झालेली. एवढंच तो सांगतो. केबलमध्ये बाहेरून वीज आली आहे का, हे तो सांगत नाही. ते मीटरचं काम. म्हणून आधी केबलची दोन्ही टोकं मशीनमधून काढायची, मग मीटर, मग टेस्टर. दर वेळी. लाईट बंद असली तरी, कागद हातात असला तरी आणि तासाभरापूर्वी लावला असला तरी.

आम्ही टेस्ट करायचो तेव्हा मोठा भाग माझ्याकडे असायचा, छोटा मल्लूकडे. दिवे लागतील तसे तो सेटवर कानडीत मोजायचा. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मी मराठीत मोजायचो. एंटु आणि आठ एकदम आले की लाईन चांगली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला मी एका बोटीबरोबर गेलो, कारण बोटीवर मराठी समजणारं कुणी नव्हतं. गल्लीतल्याच एका बंगल्यातून एका म्हातारीला काढायचं होतं. तिचं एक अंग लुळं पडलं होतं. मालकाचं नाव सर्जेराव, म्हातारी त्याची आई. तळमजला पाण्यात होता. सर्जेराव, त्याची बायको आणि म्हातारी वरच्या मजल्यावर राहत होती. दोन म्हशी पोर्चच्या स्लॅबवर चढवून बांधल्या होत्या. म्हशींना सोडून आम्ही येणार न्हाय, म्हातारीला तेवढं न्या, असं सर्जेराव म्हणाला.

म्हातारीला गच्चीवरून शिडीनं बोटीत घ्यायचं ठरलं. गच्ची शेवाळानं निसरडी झाली होती. मी घसरलो आणि तोल सावरायला निळ्या ताडपत्रीवर हात टेकला. आत लोखंड लागलं.

"जनरेटर हाय व्हय?" मी विचारलं.

"व्हय. पर बंदच हाय," सर्जेराव म्हणाला.

"लावायचा झाला तर आधी..."

तेवढ्यात म्हातारी शिडीवर कलली. मी धावलो आणि तिला पाठीवर घेतलं. तिचं वजन काहीच नव्हतं. तिला बोटीत निजवलं, अंगावर पावसाचा पोंचो घातला, बोट वळली. वाक्य तिथंच राहिलं. जनरेटर लावायच्या आधी घराचा मेन स्विच पाडायचा असतो. नाहीतर घरातली वीज उलटी बाहेर जाते आणि खांबावरची मेलेली तार जिवंत होते. हे मला माहीत होतं. शाळेत पोचल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही, डायरीत लिहिलं नाही, मल्लूलाही बोललो नाही. त्या संध्याकाळी अजून अकरा माणसं काढली. विसरलो.

तिसरा दिवस. सकाळी सहा वाजता मल्लूनं केबलला मीटर लावला. शून्य. मी डायरीत नोंद केली. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. साडेआठनंतर वारा सुटला. नऊ अठ्ठावीसला लिंक बंद पडली.

तेव्हाच दूध संस्थेकडून एका वस्तीची यादी यायची होती. तिथं एका घराची भिंत गेली होती आणि माणसं पत्र्यावर बसली होती. किती माणसं आणि नेमकं कुठलं घर, हे कळल्याशिवाय बोट पाठवता येत नव्हती. कॅप्टनसाहेब जिन्यात उभे होते. तरुण होते, तीन दिवस झोपले नव्हते.

"हवालदार, दस मिनट में लिंक चाहिए."

"जी साब."

मी केबल मशीनमधून काढली. मल्लू छोटा भाग घेऊन पाण्यातून दूध संस्थेच्या डबीपाशी गेला. मी शाळेच्या वरच्या गॅलरीत होतो, तिथून तो सरळ दिसत होता. पाठ माझ्याकडे, पाणी गुडघ्यापर्यंत. नऊ चौतीसला आम्ही टेस्ट सुरू केली. ओंदु, एरडु. मग तो थांबला.

"मूरु न्हाई, उस्ताद."

पुढं सहा नंबरही लागला नाही. म्हणजे तीन आणि सहाची जोडी कुठंतरी तुटली होती, किंवा त्याच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये सुटली होती. मी म्हटलं, परत एकदा बघू. दुसऱ्या फेरीला माझ्या हातातल्या टेस्टरवर आठही दिवे एकदम लागले. मंद आणि थरथरणारे. दोनेक सेकंद तसे राहिले आणि सगळे विझले.

तेव्हा मला काय वाटलं ते मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे. मला वाटलं, सेल संपला. टेस्टर स्वतः आठ दिवे एकदम कधीच लावत नाही. तो एकेक लावतो. आठ एकदम लागले म्हणजे करंट बाहेरून आला. एवढं कळायला एकोणीस वर्षांची नोकरी लागत नाही. माझ्या हातात टेस्टरचं प्लास्टिक होतं आणि पायाखाली कोरडी फरशी, म्हणून मला काही लागलं नाही. मल्लूच्याही हातात तेव्हा प्लास्टिकच होतं.

सेटवर मी त्याला सांगितलं की माझा सेल गेलाय, तो बदलतो. तोवर तू तुझ्याकडचा कनेक्टर कापून नवा बसव.

तो म्हणाला, "उस्ताद, आधी मीटर लावू का?"

मीटर त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता. काढून लावायला एक मिनिट लागलं असतं.

मी म्हणालो, "सकाळी लावलाय. वेळ घालवू नको."

"रॉजर," तो म्हणाला.

हे त्याचं शेवटचं बोलणं.

मी टेस्टरचं झाकण उघडलं. जुना सेल काढला, नवा घातला. झाकण नीट बसेना, म्हणून खाली बघत होतो. मल्लूनं कनेक्टर कापला. त्या पकडीच्या मुठींवर रबर असतं, त्यामुळं तेव्हाही काही झालं नाही. मग त्यानं वरचं वेष्टण सोललं आणि आतल्या तारा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून सरळ करायला लागला. आठ तारा रंगाप्रमाणं ओळीत लावायच्या तर त्या हातानंच धराव्या लागतात. त्यातल्या दोन तारांचं प्लास्टिक टोकाला निघालं होतं.

मी वर पाहिलं तर तो ताठ उभा होता. मान मागं गेली होती. हात छातीशी होते. मला वाटलं, वर खांबाकडे बघतोय. मी सेटवर विचारलं, झालं का. उत्तर नाही. परत विचारलं. तेव्हा मला त्याच्या कोपराची थरथर दिसली.

मी ओरडलो आणि जिन्यानं खाली पळालो. कडेला बोटीचं लाकडी वल्हं होतं, ते घेतलं आणि पाण्यात उतरलो. त्याच्यापासून दहा पावलांवर पायांना मुंग्या आल्या. पुढच्या पावलाला पोटऱ्या आखडल्या. पाण्यात करंट होता. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं की अशा वेळी पुढं जायचं नाही, नाहीतर एकाचे दोन होतात. मी थांबलो. वल्हं पोचत नव्हतं. मल्लूचा चेहरा मला आता बाजूनं दिसत होता. डोळे उघडे होते. त्याला कळत होतं.

दूध संस्थेचा एक कामगार वरच्या खिडकीत आला. मी त्याला ओरडून सांगितलं, कोरडा बांबू घे आणि केबल तोड, हात लावू नको. तो आत गेला. परत येईपर्यंत किती वेळ गेला याचा आकडा पुढं चौकशीत निघाला. पन्नास सेकंद. त्यानं खिडकीतून दोन तडाखे मारले. दुसऱ्याला केबल डबीतून सुटली आणि मल्लू पुढं तोंडावर पाण्यात पडला.

तेव्हा मला जनरेटरचा आवाज ऐकू आला. तोवर बोटींच्या इंजिनांखाली तो दबला होता.

पाण्यातला करंट गेला तसं त्याला बोटीत घेतलं. मी छाती दाबत राहिलो. नऊ एकेचाळीसपासून दहा अकरापर्यंत. कॅप्टनसाहेब त्याच्या तोंडात हवा भरत होते. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर भेटले. त्यांनी मला हात धरून थांबवलं.

पत्र्यावरची माणसं साडेअकराला सुखरूप निघाली. सात होती.

पुढं चौकशीत सगळं जुळवलं गेलं. सकाळच्या वाऱ्यानं एका खांबावर विजेची तार ढिली होऊन आमच्या केबलवर घासत होती. साल गेली, आतल्या दोन तारा उघड्या पडून तुटल्या आणि त्यानंच लिंक बंद पडली. ती तार मेलेली होती तोवर धोका नव्हता. नऊ पस्तीसच्या सुमारास सर्जेरावानं जनरेटर लावला. मेन स्विच पाडला नाही. एरवी गावभरची लाईन अंगावर आली तर छोटा जनरेटर बसतो, बंद पडतो. त्या गल्लीतली तार पुरात दोन्हीकडून तुटलेली होती. उरलेल्या तीन खांबांपुरती वीज त्याला सहज झेपली.

जनरेटर कशासाठी लावला, असं त्याला पोलिसांनी विचारलं. मोबाईल चार्ज करायला. चार मोबाईल होते. लाईट सरकारनं बंद केलीया म्हटल्यावर तार मेलेलीच की, मला काय म्हाईत, असं तो म्हणाला.

मल्लूचं गाव तिथून फार लांब नाही. पण सगळे पूल पाण्याखाली होते. शव दुसऱ्या दिवशी लांबच्या वाटेनं नेलं. सोबत मी होतो. पोचायला दहा तास लागले. लोक रस्त्यावर उभे होते. त्याचे वडील दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. पेटी खाली ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. मल्लूच्या गळ्यातलं इष्टलिंग. दवाखान्यानं घड्याळाबरोबर एका पाकिटात घालून दिलं होतं. मी ते पाकीट दिलं.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवतात. मल्लूची मूठ मिटलेली होती. करंटनं मिटली ती तशीच राहिली होती. शव कापून शिवलेलं, अंग ताठ. त्याला बसवायला चार माणसांना अर्धा तास लागला. मूठ त्याच्या आईनं उघडली. एकेक बोट, तेल लावून. तिसरं बोट सरळ होताना जो आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला. तळहातावर दोन काळे ठिपके होते, वाटाण्याएवढे. तिनं ते पदरानं पुसून पाहिले. ते पुसण्यासारखे नव्हते. मग त्यावर लिंग ठेवलं.

मी सॅल्यूट केला. फैरी झाडल्या. दुसऱ्या दिवशी रात्रीच्या आत मला परत कॉलमवर हजर व्हायचं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तीन आठवड्यांनी बसली. मला विचारलं, परिसरात खाजगी जनरेटर आहे याची तुला आधी माहिती होती का?

मी म्हणालो, "नो सर."

सेल बदलल्याचं मी सांगितलं. मल्लूनं मीटरबद्दल विचारलं होतं, ते सांगितलं नाही. ऐकणारा दुसरा कुणी नव्हता. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की दुर्घटना बेकायदा जनरेटरमुळं झाली. पूरकार्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. पुढच्या वर्षी मी नायब सुभेदार झालो.

सर्जेरावावर खटला चालला. त्यानं पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मिलिटरीच्या हवालदारानं जनरेटर बघितला होता, ताडपत्रीवर हात ठेवून विचारलं होतं, आणि बंद कर किंवा लावू नको असं काही म्हणाला नव्हता. ते कुणी खरं मानलं नाही. वर्दीवाल्याचं नाव घेऊन सुटायला बघतोय, असं गावच म्हणायला लागलं. त्याच्या दारात कुणी जाईना. म्हातारी वारली तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे बोलवावे लागले. हे मला नंतर कळलं.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साधा शर्ट घालून गेलो. सर्जेराव बाकावर बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याच्या वकिलानं मला जनरेटरचं विचारलं. वकिलाचा आवाज असा होता की मी नाहीच म्हणणार हे त्यानं धरून चाललं होतं. मी सर्जेरावाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. जमिनीकडे बघत होता.

मी म्हणालो, "होय. मी पाहिला होता."

मग मी सगळं सांगितलं. ताडपत्री, अर्धं राहिलेलं वाक्य, आठ दिवे, मीटर लावू का असं मल्लूनं विचारलेलं. सांगायला वीस मिनिटं लागली. न्यायाधीशांनी दोनदा थांबवून विचारलं, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना. सर्जेराव पुढं सुटला. कोर्टाबाहेर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "माझी आई तुमच्या पाठीवर बसून गेलती. मरस्तवर तुमचं नाव घेत हुती." आणि गेला.

युनिटला मी लेखी कळवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. नोंद घेतली आहे.

त्याच आठवड्यात मी मल्लूच्या गावी गेलो. वर्तमानपत्रातून कळायच्या आधी माझ्या तोंडून कळावं, असं मला वाटलं. अप्पा दुकानात होते. बरी, कुंडरी, म्हणाले, म्हणजे या, बसा. पाणी दिलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते गिऱ्हाईकाची साखर मोजत होते. पुडा बांधून झाला, गिऱ्हाईक गेलं. मग म्हणाले, "तुम्ही तुमचं वझं हितं ठेवायला आलायसा. म्या ते कुठं ठिऊ?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

ते उठले आणि आतल्या दाराशी गेले. "आता तिला बी सांगा," ते म्हणाले. "म्या न्हाई सांगणार."

मल्लूची आई बाहेर आली. तिला मराठी येतं, पण कमी बोलते. मी परत पहिल्यापासून सांगितलं. अप्पांनी मला थांबू दिलं नाही. मी जिथं अडखळलो तिथं ते म्हणायचे, फुडं. मीटरचं सांगून झालं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल, का नको म्हणालास. तिनं ते विचारलं नाही.

तिनं विचारलं, "त्येला लई दुखलं का?"

पन्नास सेकंद. दहा पावलांवरून मी पाहिलेले उघडे डोळे.

"न्हाई अव्वा," मी म्हणालो. "लगेच गेला. त्याला कळलं बी न्हाई."

तिनं मान हलवली. अप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की मी खोटं बोललो. त्या दिवसभरात त्यांनी माझ्याशी एकच गोष्ट बरी केली, ती ही की ते गप्प राहिले.

निघताना मी समाधी बघून येऊ का, असं विचारलं. अप्पा स्वतः घेऊन गेले. त्यांच्या शेताच्या बांधाला आहे. शहीद म्हणून मोठी कमान करायची असं गावातल्या मंडळानं ठरवलं होतं. अप्पांनी करू दिली नाही. गुडघ्याएवढा काळा दगड आहे, वर कानडीत आणि खाली मराठीत नाव कोरलंय. मल्लिकार्जुन. हुद्दा नाही, युनिट नाही, तारीख नाही. दगडापुढं कुणीतरी जोंधळ्याचं ताजं कणीस ठेवलं होतं. मी बूट काढून उभा राहिलो. अप्पा बांधावर पाठमोरे बसले आणि माझं होईपर्यंत थांबले.